नीसला आठ दिवस

सागाच्या डेपोवर दामोदर ठेकेदारानं टेबलावर युरोपचा नकाशा पसरला आणि गावच्या पाटलाला, सोमाजीला, मुद्दाम बोलावून घेतलं. मिरवायचं तर समोर कोणीतरी लागतंच.

"लंडन, पॅरिस ठरलं. आता समुद्रावर राहाचं, तर हे नीस घेऊ का ते ब्रायटन?"

"एकच काऊन, मालक? दोन्ही घ्या," सोमाजी म्हणाला. "एवढे बोटीनं जासान, अन् घाईघाईत वापस येसान?"

ठेकेदार खुलला. त्यानं लाल पेन्सिलीनं नीसभोवती गोल काढला. कागद हलू नये म्हणून सोमाजीनं नकाशाचा कोपरा दाबून धरला.

"इथी चांगले आठ दिवस राहा. पांढरा सूट शिवून घ्या. बाईसाहेबालेही न्या."

"बोटीचं तिकीट काढलं. पासपोर्ट तेवढा यायचा राह्यला. चौकशीले गडचिरोलीवरून शिपाई येईन, त्याले नीट सांगजा."

"येऊन गेला, मालक, मंगळवारी. लिहून देल्लं मी. तुमच्याच शब्दांत."

ठेकेदार समाधानानं हसला आणि ब्रायटनभोवतीही गोल काढू लागला.

तीन वर्षांमागं याच डेपोवर ओंडक्याखाली चेंगरून सोमाजीचा धाकटा भाऊ लटारू मेला होता. तेव्हा चौकशीला आलेल्या जमादाराला ठेकेदारानं एकच ओळ लिहून दिली होती. सोमाजीला ती तोंडपाठ होती : 'या नावाचा माणूस इथे कधीच नव्हता.'