ताटातलं नाव

घोडपदेवच्या खोलीत पूर्वी स्वतःच्या चित्रांची वेबसाइट बनवायला बसली होती. नावाच्या जागी तिने 'पूर्वी कांदळगावकर' टाइप केलं, तसा मागे उभा असलेला नवरा चिडला.

"माहेरचं नाव कशाला? लग्नात मी तुझं नाव 'स्वरांगी' ठेवलंय ना!"

सासूबाईंनी लगेच री ओढली. "होय तर! ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलंन स्वप्नीलने. सगळ्या वऱ्हाडासमोर! ते काय असं पुसायचं?"

पूर्वीने मान वर न करता बटण दाबलं. 'पूर्वी कांदळगावकर' नावाची वेबसाइट सुरू झाली.

मग ती शांतपणे म्हणाली,



"मी कुठे पुसलं, आई? दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्या तांदळाचा भात लावलात. स्वप्नीलनेच खाल्लं ते नाव, वरण घालून."