बाकावर लिहिलेलं प्रकरण

फेलोशिपच्या मुदतवाढीसाठी अर्जावर गाइडची एक सही हवी होती. तेवढ्यासाठी समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी ती मुलगी चार दिवस सरांच्या केबिनबाहेर बाकावर बसून होती. सर म्हणजे मोठं प्रस्थ. सत्तेपुढे ताटकळणाऱ्या सामान्य माणसावर बोलताना भर सभेत त्यांचा गळा दाटून यायचा. केबिनमधून मात्र फोनवरच्या गप्पांचा, हसण्याखिदळण्याचा आवाज, आणि दार किलकिलं झालंच तर "बस, बोलावतो" एवढंच.

बसल्या बसल्या तिने प्रबंधाचं एक प्रकरणच लिहून काढलं. दारात माणूस तिष्ठत असताना साहेब फोनवर घरच्या पडद्यांचा रंग कसा ठरवतो, मग घड्याळ बघून जेवायला कसा निघून जातो, सगळं तारीखवार. साहेबाचं नाव तेवढं घातलं नाही.

अर्ज द्यायची मुदत संपायला अर्धा तास उरला तेव्हा आतून बोलावणं आलं. तिने अर्ज आणि प्रकरण दोन्ही पुढे ठेवलं. अर्जावर चहाचा कप टेकवून सर प्रकरण वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांनी टेबलावर थाप मारली.

"वा! काय सोलून काढलंयस गं या माणसाला! असल्यांना लाजच नसते. कुठल्या ऑफिसात भेटला हा नग?"

तिने कपाखालून अर्ज काढून सहीची जागा पुढे केली.

"पण चार दिवसांवर निष्कर्ष काढायचा नसतो," पेन खिशाला लावत सर उठले. "अजून आठवडाभर बस त्याच्या दारात."