बिघडलेला गेम

"पैशे दे माझे!" कडूबाईनं हातातला गेम टेबलावर आपटला. "घरी नेला, पडद्यावर चार विटा पडल्या न् गप झाला. मेल्यावानी."

पाथर्डीचा बाजार भरात होता. मुठीत मावणारे व्हिडिओ गेम मांडून बसलेल्या छगननं मानही वर केली नाही. "मावशी, सेल बदलून बघा."

"सेल बदलले. आता विकनाराच बदलायचा ऱ्हायलाय."

"विकलेला माल परत घेत न्हाई."

पुंजाराम शेजारीच उभा होता, ऊसतोडीवरून कालच आलेला. हंगामभर आजीपाशी ठेवलेल्या पंकजाला, आपल्या लेकीला, त्यानं गेम कबूल केला होता. हात खिशात जायचा न् रिकामाच बाहेर यायचा. घरी नेला न् बिघडला तर? पोर रडून जीव घेईल.

कडूबाई एका जागी ठरेना. पदर खोचला, टेबलाभवती फिरली, पुन्हा समोर ठाकली. "जीप सुटायला आलीय माझी. पैशे घेतल्याबिगर हलनार न्हाई. सगळा बाजार गोळा करीन!"

बाजार गोळा झालाच.

"देऊन टाक की म्हातारीचे," पुंजाराम बोलला.

"म्हातारी तुझी सासू!" कडूबाई गरकन वळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "तसं न्हाई दादा. तुझ्यासारख्या गरिबालाच ही लोकं लुटत्यात. घामाचा पैसा हाय आपला."

लोक कुजबुजायला लागले. छगनचं तोंड लाल झालं. त्यानं गल्ला उघडून नोटा तिच्या हातावर ठेवल्या. "घ्या. गिऱ्हाइकाचा तळतळाट नको आपल्याला."

तिनं नोटा उन्हात धरून बघितल्या, कमरेला खोचल्या न् ताडताड निघून गेली.

पुंजारामच्या जिवातली धाकधूक गेली. "माझा बिघडला तर घेशील ना परत?"

"आत्ता डोळ्यांनी बघितलं ना? दर बाजारी इथंच असतोय मी."

पुंजारामनं दोन घेतले, एक भावाच्या पोराला. मागून आणखी हात पुढं आले. उन्हं कलायच्या आत टेबल मोकळं झालं.

गावाबाहेरच्या फाट्यावर कडूबाई केव्हापासून येरझाऱ्या घालत होती. सामानाचा टेम्पो थांबला. छगननं तिला हात देऊन वर घेतलं.

"उद्या खर्ड्याच्या बाजारात जरा उशिरा ये, आई," तो म्हणाला. "आधी गर्दी जमू दे."