फुटलेल्या कुप्या

पानांतला औषधी पण कडू अर्क डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांत बंद करायचा आणि फळांच्या रसात असा मिसळायचा, की शरीराला गुण लाभावा पण जिभेला पत्ता लागू नये, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. आज रस गरम करताना कुप्या फुटल्या. सगळा कडूपणा रसात उतरला आणि चव बघायला बसलेल्या एकूण एक माणसाने नाक मुरडलं. उरलेली बाटली घेऊन ती हिरमुसून घरी आली आणि बेसिनमध्ये रिकामी करू लागली.

"फेकतेस कशाला? आण इकडे," बाबा म्हणाले. "मला काय, सगळं सारखंच. तुझं एक तरी गिऱ्हाईक खूश होऊ दे."

मोठ्या आजारपणात बाबांची चव गेली, ती गेलीच. आई काहीही वाढो, ते दोन घास खाऊन "छान आहे" म्हणत ताट सरकवायचे. अंगावरचे कपडे दिवसेंदिवस सैल होत चालले होते.

तिने ग्लासात ओतून दिलेल्या रसाचा त्यांनी मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय गं हे? कडूजहर आहे."

ती जागच्या जागी थांबली. "बाबा, काय म्हणालात?"

"कडू म्हणालो. अगदी घशापर्यंत..." बाबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"झालं, आता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला मोकळे," आई दारातून म्हणाली, पण तिचा आवाज कापत होता.

बाबांनी उरलेला रस संपवून ग्लास पुढे केला. "अजून ओत."