निर्मनुष्य खोरं

खाणवाल्यांच्या वकिलानं पुस्तक उघडलं आणि खूण केलेलं वाक्य सावकाश वाचलं, "हे खोरं सुपीक आहे, पण निर्मनुष्य आहे." दीडशे वर्षांपूर्वी इथून गेलेल्या एका परदेशी प्रवाशानं ते लिहून ठेवलं होतं. तेव्हा जमीन मूळची कुणाचीच नाही, ती खाणीला द्यायला हरकत नसावी, असं वकिलाचं म्हणणं.

सुनावणीच्या खोलीत खोऱ्यातली माणसं बाकांवर दाटीनं बसली होती. पुढच्या बाकावर म्हातारी सुईण. मागच्यांतल्या निम्म्यांची नाळ तिनंच कापलेली. शेजारी तिची भाची, शाळेत शिकवणारी. सुईणीनं तिला 'निर्मनुष्य' या अवघड शब्दाचा अर्थ विचारला. भाचीनं सांगितला.

भाची उठली. तेच पुस्तक तिनंही ग्रंथालयातून आणलं होतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी मागून तिनं चार पानं पुढचा मजकूर वाचायला घेतला.

"सामान वाहायला इथले चाळीस जण धरून आणले. जात आळशी आणि चोरटी. नदी मी त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर बसून ओलांडली."

तिनं पुस्तक मिटलं. "तो खांदा आमच्या खापरपणज्याचा, घरात अजून सांगतात. साहेब, चोर म्हणायला माणूस दिसतो, आणि जमिनीचा मालक म्हणायला दिसत नाही?"

वकील हसला. भटके असतील, आले तसे गेले, त्याला वस्ती म्हणत नाहीत, असं म्हणाला. अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. छापलेलं पुस्तक हा पुरावा, घरात सांगत आलेली गोष्ट नव्हे, एवढं बोलून त्यानं सुनावणी संपवली. निकाल टपालानं कळणार होता.

शिपायानं पंखे बंद केले आणि खोली रिकामी करायला सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. तो पुढच्या बाकापाशी आला, म्हातारीला दंडाला धरून उठवायला वाकला.

सुईणीनं हात झटकला.

"आम्ही नाहीच म्हणतात ना," ती म्हणाली, "मग उठवतोस कुणाला?"

शिपायानं अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी दारातून मागं वळला, आणि पहिल्यांदाच बाकांवरची माणसं मोजू लागला.