तुळशीपाशी बांधलेली सुतळी

लालबागच्या टॉवरमधलं ते घर विकायला काढलं होतं. गच्चीतला स्विमिंग पूल वर्षभर कोरडाच होता, तरी त्याच्या कुंपणाची तपासणी करायला परबांना बोलावलं होतं. कुंपणाचं दार आपोआप लागायला हवं होतं, पण कुणीतरी ते सुतळीने गजाला बांधून उघडं ठेवलं होतं.

"कोण बांधतं हे?" परबांनी विचारलं.

"सासूबाई," घरची सून आकांक्षा म्हणाली. "तुळस आत आहे ना. पाणी घालून होईपर्यंत बांधायच्या. गेल्या वर्षी एकदा सोडायला विसरल्या. तेव्हापासून पूल कोरडाच आहे."

"मग अजून का बांधतात?"

तिने पुलाच्या कोरड्या तळाकडे पाहिलं. परबांनी सुतळी कापली. दार खटकन लागलं.

आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. "दार लावू नको रे! नातू माझो अजून आतच असा. भायर कसो येतलो?"