ओळख पटवायला

हवालदार पुढे चालत होता आणि वनमाला त्याच्या मागून. भांडुपच्या डोंगरावर फाल्गुनात सागाची पानं इतकी गळतात, की पाऊल टाकलं की सगळ्या रानाला कळतं. "लांब नाही आता, बाई," हवालदार मघापासून सांगत होता आणि वाट काही संपत नव्हती.

वर कुणीतरी मरून पडलं होतं. लाकडं तोडायला गेलेल्या बायकांनी पाहिलं. वनमालाचा भाऊ नंदकुमार संपात गिरणी बंद पडल्यावर घरातून निघून गेला, त्याला आठ महिने झाले होते. अंगापिंडानं जुळतंय, येऊन बघा, असा चौकीवरून निरोप आला. वहिनी पायथ्याशीच बसून राहिली. "तुम्हीच बघा, वन्सं. माझे पाय उचलत नाहीत," एवढंच म्हणाली.

वाट वनमालाच्या पायाखालची होती. लहानपणी दोघं भावंडं इथंच लाकूडफाटा गोळा करायला यायची. लाकडं कमी, खेळच जास्त. नंदूचा आवडता खेळ मरण्याचा. चालता चालता धाडकन आडवा व्हायचा, डोळे मिटायचा, श्वास कोंडून पडायचा. मग वनमालानं संजीवनी शोधून आणायची. ती कुड्याचं पान आणून त्याच्या नाकाशी धरायची. मेलेला नंदू डोळे न उघडता म्हणायचा, "ही नाय. दुसरी आण." ती पळसाचं आणायची, करवंदीचं आणायची. मुंग्या चावायला लागल्या की मगच संजीवनी लागू पडायची. एकदा मात्र तो काही केल्या उठेना. ती भोकाड पसरून रडली, तेव्हा हसत उठला आणि म्हणाला, "रडलीस ना, म्हणून जिवंत झालो."

हे सगळं आठवलं आणि आठवून झालं. आज आत काहीच हललं नाही. रडू येत नाही याची तिला लाज वाटली, पण तीही जराच वेळ.

उंबराखाली चादर टाकलेली होती.

"चेहऱ्याकडे नका बघू, काही राहिलं नाही. पाय बघा." हवालदारानं काठीनं चादरीचं टोक वर केलं.

नंदूच्या डाव्या पायाची करंगळी गिरणीत यंत्रात गेली होती. वनमालानं डाव्या पायाची बोटं मोजली. पाच. पुन्हा मोजली.

"हा माझा भाऊ नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

"मग चांगलंच झालं की, बाई!"

तिनं मान हलवली. चांगलंच झालं होतं. पण आठ महिन्यांत असं बघायला येण्याची तिची ही तिसरी खेप, आणि चादर वर होताना तिच्या मनात आलं होतं, हाच असू दे, सुटू एकदाचे. हे ती जन्मात कुणाला सांगणार नव्हती.

ती खाली उतरली ती सावकाश, मान खाली घालून. वरूनच हाक मारून सांगावं, हे काही तिला सुचलं नाही.

वहिनीनं तिचं ते येणं लांबूनच पाहिलं होतं. वनमाला जवळ पोचली तेव्हा वहिनीचं कपाळ पुसलेलं होतं. डाव्या हातातल्या बांगड्या दगडापाशी फुटून पडल्या होत्या, आणि आपटायला तिनं उजवा हात उचलला होता.

"वहिनी, नाही! तो नाही!"

वहिनीचा हात तसाच वर राहिला. डाव्या मनगटाला काच लागून रक्त आलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं. मग बराच वेळ ती उजव्या हाताकडे बघत बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "मग ह्या ठेवू की फोडू?"